गाडी काचेत ठेवायची नाही

मी खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, छापखान्यातून निवृत्त झालेली मुद्रितशोधक, राहणार याच घरात तळमजल्यावर, माझ्या मागे काय कोणाचं व्हावं ते लिहून ठेवते. मी पूर्ण शुद्धीवर आहे. दमदाटी कोणी केलेली नाही. लाडीगोडी चिरंजीवांनी भरपूर केली, तिचा उपयोग झालेला नाही. यापूर्वी मी काही लिहून ठेवलेलं सापडल्यास ते रद्द समजावं. या कागदात खाडाखोड नाही. दिसल्यास ती माझी नव्हे.

घाई का, ते आधीच सांगते. बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या जागी उभी असलेली मोटारसायकल आता चालू झाली आहे. बंद होती तोवर चिरंजीव तिला ‘ते भंगार’ म्हणत. चालू झाल्यापासून ती ‘बाबांची आठवण’ झाली असून, आपल्या ऑफिसात शिरल्या शिरल्या, काचेच्या पेटीत, खालून दिवे सोडून ती ठेवायचा त्यांचा बेत आहे. सुतार माप घेऊनसुद्धा गेला. माझ्या पश्चात गाडी त्या पेटीत जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. बाकीची कलमं ओघाने आली.

कलम एक. घर चिरंजीवांना. त्यांना ते हवंच आहे आणि मला त्यावरून वाद नको. बैठकीच्या फरशीवर तेलाचे डाग आहेत, ते निघत नाहीत. घर विकायला काढल्यावर गिऱ्हाइकाला ते ‘नैसर्गिक नक्षी’ म्हणून दाखवू नयेत.

कलम दोन. बँकेतली शिल्लक चिरंजीव आणि सूनबाई यांना निम्मी निम्मी, वेगवेगळ्या खात्यांत. “आमचं काय वेगळं आहे का, आई?” असं चिरंजीव म्हणतील. आहे.

कलम तीन, हत्यारं आणि सल्लागार मंडळ. इथे थोडा इतिहास सांगणं भाग आहे. माझ्या पतींनी ही जुनी गाडी हौसेने आणली आणि एका रविवारात सुटी करून टाकली. नट माझ्या चहाच्या डब्यात, स्प्रिंगा साखरेच्या डब्यात. जोडून चालू करायला मात्र उरलेलं आयुष्य पुरलं नाही, कारण दर रविवारी सल्लागार मंडळ भरत असे. मंडळात तिघे: निवृत्त बँक मॅनेजर, शेजारचे प्राध्यापक, आणि ज्यांना आम्ही ‘मॅग्नेटो’ म्हणतो ते वरच्या मजल्यावरचे गृहस्थ. मॅग्नेटो म्हणजे गाडीत ठिणगी पाडणारा भाग. गाडीला काहीही झालं तरी हे गृहस्थ मान हलवत म्हणायचे, “मॅग्नेटो गेला.” पुढचं चाक पंक्चर झालं तेव्हाही त्यांनी तेच म्हटलं होतं. तिघांनी मिळून इतक्या वर्षांत एकही नट फिरवला नाही. हात काळे व्हायचे ते फक्त माझ्या पतींचे, आणि चहाच्या कपांच्या कानांवरून ते काळं माझ्याकडे यायचं.

सबब, ज्या कपांतून मंडळ चहा प्यायलं ते सगळे कप बँक मॅनेजरांना. प्राध्यापकांच्या सांगण्यावरून बदललेले आणि मुळात काहीच न बिघडलेले कार्बोरेटर प्राध्यापकांना, अभ्यासासाठी. मॅग्नेटोंना काहीही नाही. त्यांनी मनाला लावून घेऊ नये; काही न मिळणारा माणूस मला पुढे साक्षीला लागणार आहे. पाने, पकडी आणि स्क्रूड्रायव्हरचा डबा सूनबाईंना.

कलम चार. नणंदबाईंना, लोकरी बाही, नग एक, विटकरी रंगाची, दोनदा धुतलेली.

हे सविस्तर लिहिते, कारण घरात यावरून अबोला आहे. नणंदबाईंनी भावासाठी स्वतः स्वेटर विणला होता. तो पहिल्याच थंडीत नाहीसा झाला. भर कार्यक्रमात, चार पाहुण्यांदेखत, त्या म्हणाल्या, “माझ्या भावाच्या अंगावरचा स्वेटर हिने कामवालीला देऊन टाकला. माझ्या हातचं हिला बघवत नाही.” माझे पती तेव्हा समोरच्या खुर्चीवर छताकडे बघत बसले होते. ते छत मी नंतर नीट पाहिलं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

ते गेले तेव्हा गाडी जोडून उभी होती, पण चालू होत नव्हती. किक मारली की दोनदा खोकायची आणि गप्प. मंडळ सांत्वनाला आलं ते जाताना सांगून गेलं, की मॅग्नेटो बदलून पाहा. मी हातात टॉर्च घेतला. छापखान्यात शेवटचं वाचन आम्ही उलट, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे करायचो. सरळ वाचलं की डोळा मजकुराच्या मागे धावतो आणि चूक निसटते. गाडीसुद्धा सगळ्यांनी सरळ वाचली होती, इंजिनापासून. मी शेपटाकडून सुरुवात केली. सूनबाई दंतवैद्य आहेत. त्यांनी दात बघायचा छोटा आरसा सायलेन्सरच्या तोंडात घातला, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाल्या, “आई, हिच्या घशात काहीतरी अडकलंय.”

मग चिमट्याने त्यांनी ते हळूहळू ओढून काढलं. बाही होती. रंग देताना आत झुरळं जाऊ नयेत म्हणून आमच्या गृहस्थांनी स्वेटर कापून बोळा कोंबला होता आणि काढायला विसरले होते. म्हणजे एवढी वर्षं ते इंजिन उघडत होते, मंडळ चहा पीत होतं आणि मी चोर ठरले होते. सूनबाई फरशीवर बसून हसत सुटल्या. मीही हसले, आणि मग मला रडू आवरेना.

उरलेला स्वेटर सीटच्या गादीत भरलेला सापडला. तो तिथेच राहू दिला आहे. नणंदबाईंना तो हवा असल्यास त्यांनी गाडीवर येऊन बसावं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. थोडा आहे.

कलम पाच, गाडी. बाही निघाली त्या दिवशी गाडी तिसऱ्या किकला बोलली. त्यानंतर क्लचची तार, ब्रेक, दिवे, सीटचं कव्हर हे आम्ही दोघींनी सुट्टीच्या दिवशी बसून पुरं केलं. चिरंजीव मधूनमधून दारातून फोटो काढत. ते फोटो त्यांनी ‘बाबांचं स्वप्न मी पूर्ण केलं’ असं लिहून लोकांना पाठवले, हे मला चार ठिकाणांहून कळलं.

माझे पती मला म्हणायचे, “तयार झाली की पहिली चक्कर तुझी.” दर वर्षी म्हणायचे. मला त्यांचा राग येतो तो गेल्याचा नाही. गाडीवरून एकही चक्कर न मारता गेले, याचा. ज्या माणसाने घरातला सोफा काढायला लावला, त्याने निदान कोपऱ्यापर्यंत तरी जाऊन यायचं होतं. ही गाडी आता पुन्हा कोणाच्या बघण्यासाठी उभी राहणार नाही.

म्हणून गाडी, तिची कागदपत्रं आणि दोन्ही हेल्मेट एकट्या सूनबाईंना. त्यांनी ती चालवावी, पाडावी, खरचटवावी, पुन्हा रंगवावी. विकावीशी वाटली तर खुशाल विकावी, मात्र घेणाऱ्याने समोर किक मारून, बसून न्यावी. टेम्पोत घालून नेणाऱ्याला देऊ नये. काचेची पेटी तयार झालीच असेल तर चिरंजीवांनी तीत स्वतःचे फोटो ठेवावेत.

कलम सहा. चिरंजीव कोर्टात जाऊन म्हणतील, की आईचं वय झालं होतं, तिला समजत नव्हतं. बाळा, तुझ्यावर माझा जीव आहे, आणि तू जाशील हेही मला माहीत आहे. म्हणून डॉक्टरांना मुद्दाम बोलावलं आहे. मला गेल्या महिन्यात रीतसर लायसन्स मिळालं, त्याची प्रत सोबत जोडली आहे. डोळे तपासले आहेत. जायचा रस्ता ठरला आहे, आणि परत यायचाही.

साक्षीदार पहिले, आमचे डॉक्टर. त्यांचा शेरा त्यांच्याच अक्षरात: “बाई पूर्ण शुद्धीत आहेत. मी मोटारसायकलला मनाई केली. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना सगळं नीट समजतं, याचाच हा पुरावा मानावा.”

साक्षीदार दुसरे, वरच्या मजल्यावरचे मॅग्नेटो. शेरा: “आवाज ठीक आहे. तरी मॅग्नेटो एकदा बघून घ्यावा.”

ठिकाण: घरासमोरचा रस्ता. दिनांक ९ फेब्रुवारी २०२५, रविवार सकाळ.

सही करणारीची टीप: कागद पेट्रोलच्या टाकीवर ठेवून सही केली आहे. किक सूनबाईंनी मारली आहे आणि त्या मागे बसल्या आहेत. सही थरथरलेली दिसेल. ती इंजिन चालू असल्यामुळे आहे. वयाशी संबंध जोडू नये.