कंसाची दृष्ट

चलपती अन्नय्या,

तू कंस झालास तो सिनेमा तेनालीत पुन्हा लागलाय. अम्मा आता नाही, म्हणून मी एकटीच गेले.

अम्मा शेवटाआधीच उठून जाते, हे कुणीतरी मद्रासला तुझ्या कानावर घातलं. आईलाच आपली लाज वाटते असं धरून बसलास आणि तिला अग्नी द्यायलाही आला नाहीस.

अरे, कृष्ण दिसला की बायका चपला काढून कापूर ओवाळायच्या आणि तू दिसलास की शिव्याशाप द्यायच्या. ते तुला बाधू नयेत म्हणून अम्मा पदरात मीठ-मिरच्या न्यायची आणि पडद्यासमोर उभी राहून तुझी दृष्ट काढायची.

"खाली बसा आजी, कंसाला कसली दृष्ट लागतेय," लोक हसायचे.

"तुमचा कंस असेल, माझा थोरला आहे," ती म्हणायची.

कृष्णाने तुझे केस धरले, की मात्र उठायची. पोराचं मरण तिला बघवायचं नाही.

आज कृष्णाने केस धरले, तरी मी उठले नाही. गेल्या आठवड्यात मद्रासच्या इस्पितळात तू प्राण सोडलास, तेव्हा घरचं कुणीच जवळ नव्हतं.

तुझी धाकटी बहीण,
कामेश्वरी