टेन्शन घालवण्याचे तीन दौरे

५ जानेवारी, रविवार
काल डॉक्टर शामला मॅडमकडे गेलो. लग्नाला चार वर्षं, प्रयत्नांना दोन. नूपुरचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. मॅडम दोन गोष्टी म्हणाल्या. एक, आता यांचीही तपासणी करू. दोन, टेन्शन घेऊ नका, कुठंतरी फिरून या. दुसरा मुद्दा मला जास्त शास्त्रीय वाटला. माझ्या आजोबांना नऊ मुलं होती, कुठलीही तपासणी न करता. खरं कारण मिहानमधलं माझं ऑफिस आणि मनीषनगरचा ट्रॅफिक.
संकल्प: दर महिन्याला, मोबाईलवरचं पाळीचं ॲप सांगेल त्याच दिवसांत, एक ट्रिप. तपासणी सोमवारी.

२२ जानेवारी
तपासणी राहिली. सोमवारी ऑफिसात रिलीज होता, मग सर्दी. सर्दीत सॅम्पल बरोबर येत नसावं. ताडोबा बुक केलं.

२६ जानेवारी, ताडोबा
सफारी पहाटे पाचला. दुपारी परत सफारी. आठ वाजता जेवून दोघंही स्वेटर-मोज्यांसकट झोपलो. दोन्ही दिवस हेच. पण वाघीण दिसली, तीन बछड्यांसह! शुभशकुन. नूपुर म्हणाली, "तिला विचार, तिनं कोणतं रिसॉर्ट बुक केलं होतं."
दमली असावी.

९ फेब्रुवारी
पाळी आली. नूपुर बाथरूममधून बऱ्याच वेळानं बाहेर आली. मी चहा करून दिला आणि चिखलदऱ्याचे फोटो दाखवले. तिनं विचारलं, तुझ्या तपासणीचं काय? म्हटलं, मार्च एंडिंगनंतर. म्हणाली, तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, सुमंत.

२३ फेब्रुवारी, चिखलदरा
आईला सांगायलाच नको होतं. "दोन सीट रिकाम्या जाऊन राहिल्या ना गा," म्हणाली आणि कौशल्या मावशीला घेऊन गाडीत बसली. हॉटेलात एकच फॅमिली रूम शिल्लक. चार पलंग, ओळीनं. मावशी घोरते.
येताना परतवाड्याजवळ मावशीनं नूपुरला विचारलं, "काहून वं, अजून काईच नाई? डॉक्टरले दाखवलं का?" आई म्हणाली, "मी तिच्यासाठी सोळा सोमवार धरले." मी गाण्याचा आवाज वाढवला. अशा वेळी डोकं शांत ठेवावं लागतं. नूपुर खिडकीबाहेर बघत राहिली. तिला डोंगर आवडतात.

११ मार्च
परवा परत तेच. दोष नियोजनाचा होता. आता गोवा, कोणालाही न सांगता. लॅबचा कागद गाडीत आहे, म्हणजे काम जवळजवळ झाल्यासारखंच.

२३ मार्च, गोवा
काल सगळं परफेक्ट होतं. समुद्राकडची खोली, फक्त दोघं, ॲपवर हिरवं फूल. जेवताना मोबाईल वाजला. म्हटलं, चल, वेळ झाली.
नूपुरनं चमचा खाली ठेवला. म्हणाली, "माझ्या नळ्यांची तपासणी झाली तेव्हा मी टेबलावर ओरडत होते. तू पार्किंग शोधायला गेला होतास. तुला फक्त एक डबी द्यायची आहे. आता मला कुठं फिरायला नेऊ नको."
शेजारच्या टेबलावर मराठी माणसं होती. मी म्हटलं, हळू बोल. ती उठून एकटीच किनाऱ्यावर गेली.
खारी हवा तिला मानवत नाही, असं लिहिणार होतो. राहू दे.

६ एप्रिल, रामनवमी
आईनं सगळ्यांना घेऊन रामटेकला जायचं ठरवलं होतं. सकाळी नूपुर म्हणाली, मला येता येणार नाही. आईला कळलं. देवघराकडे बघत म्हणाली, "काय पाप केलं होतं माह्या पोरानं." नूपुरनं ऐकलं. आत जाऊन दार लावून घेतलं.
मी आईची पिशवी घेऊन गाडी काढली. गडाच्या पायऱ्या चढताना आईला दोनदा काहीतरी सांगणार होतो. दोन्ही वेळा तिला दम लागला होता. मलाही.

८ एप्रिल
लॅबमध्ये जाऊन आलो. पंधरा मिनिटांचं काम.

११ एप्रिल, शुक्रवार
रिपोर्ट आला. काउंट फारच कमी. मॅडम म्हणाल्या, उपचार आहेत. जानेवारीत आला असतात तर औषधांचा पहिला कोर्स आत्तापर्यंत संपला असता.
गाडीत बसल्यावर नूपुर रडायला लागली. मला वाटलं, रागानं. म्हणाली, "दोन वर्षं मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी आहे आणि ते डॉक्टरांना सापडत नाहीये." मी बराच वेळ गाडी सुरू केली नाही.
संध्याकाळी आई मेथी निवडत होती. समोर बसून सांगितलं, कमी माझ्यात आहे. नूपुरचं सगळं व्यवस्थित आहे. आधीपासूनच होतं.
आईनं जुडी संपवली, दुसरी घेतली. मग म्हणाली, "त्यायची मशीन खराब असन."
म्हटलं, "नाही आई. मशीन बरोबर आहे."