बाबांच्या हातातला माऊस

३ मार्च
आजपासून नियमित लिहायचं. बाबांची वाचा गेली, उजवी बाजू गेली, पण डोकं शाबूत आहे. ताई म्हणते, तू नुसता त्यांच्याजवळ बसत जा. नुसतं बसून काय होणार? जुना पीसी त्यांच्या खाटेशी आणून ठेवला. सी भाषेत प्रोग्रॅम लिहितो. स्क्रीनवर पाणी, चहा, पंखा, दुखतंय अशी चित्रं. बाबांनी डाव्या हाताने माऊस सरकवून बाण चित्रावर न्यायचा आणि बटण दाबायचं. आठवड्यात तयार. मग सगळ्या हॉस्पिटलांना देऊ.

९ मार्च
माऊसचं काही झालं की ड्रायव्हर, म्हणजे माऊस सांभाळणारा प्रोग्रॅम, माझ्या फंक्शनला, म्हणजे हँडलरला, हाक मारतो. कशाकशासाठी हाक मारायची ते आधी सांगून ठेवावं लागतं. मी सांगितलं, फक्त डावं बटण. उगाच नसती कटकट नको.

१४ मार्च
पीसी सारखा हँग. हँडलरच्या आत प्रिंटएफ, म्हणजे स्क्रीनवर मजकूर छापायची आज्ञा, टाकलं होतं. टाकू नये असं पुस्तकात ठळक छापलंय, पण पुस्तक जुनं आहे.
प्रिंटएफ काढलं. आपोआप सुधारला.

२० मार्च
डेमो. मी दाबलं: चित्र लाल, बीप. ताईने दाबलं: लाल, बीप. बाबा: शून्य. बाण कोपऱ्यात नेऊन ठेवतात आणि माझ्याकडे बघत राहतात. माऊसची गोळी पुसली. बाण मध्ये आणून दिला. पुन्हा कोपऱ्यात.

२६ मार्च
बाबा मनावरच घेत नाहीत. गणितं शिकवताना मला म्हणायचे, लक्ष कुठे आहे तुझं? आज मी त्यांना तेच म्हणालो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ब्राइटनेस जास्त असावा. कमी केला.

२ एप्रिल
ताई त्यांच्या हाताकडे बघत बसली होती. म्हणाली, अरे, ते दाबतायत की. डाव्या हाताचं पहिलं बोट उजव्या बटणावर पडतं. आणि बाण रोज कोपऱ्यातल्या 'दुखतंय'वरच असतो, तूच तो उचलून मध्ये आणतोस.
ड्रायव्हरला सांगून ठेवलेला एक आकडा बदलला, आता उजवं बटणही चालतं. तसा तो बग नव्हताच.

३ एप्रिल
सगळं चालतंय. माऊस बाबांच्या हाताखाली सरकवला. त्यांनी हात काढून घेतला. पुन्हा दिला, तर मूठ उघडेनात.
शेवटी ताईने ती मूठ आपल्या हातात घेतली आणि एकेक विचारत गेली. डोकं का? पाठ? पाय? उजव्या खांद्याचं नाव काढल्यावर त्यांनी तिची बोटं घट्ट दाबली.
इतके दिवस मी त्यांना त्याच खांद्यावर निजवत होतो, स्क्रीन समोर यावी म्हणून.
आम्ही दोघांनी मिळून त्यांची कूस बदलली. आता त्यांची माझ्याकडे पाठ आहे.