खिम्यातले पिवळे ठिपके

प्रिय करणदादा,

तुझा फोन गल्ल्यापाशीच पडलेला असतो आणि उचलतात आबा. म्हणून जीपवाल्या नागसेनदादांच्या हाती ही चिठ्ठी देतेय. दुकानात उघडू नकोस.

आमच्या प्रयोगशाळेतल्या नव्या कॅमेऱ्याबद्दल तुला सांगितलं होतं ना? आपल्याला खिमा सगळा लालच दिसतो, पण हा कॅमेरा उजेडाच्या शेकडो छटा वेगवेगळ्या टिपतो. मग संगणकावर बकऱ्याचं मटण निळं उमटतं, कोंबडीचं पिवळं. त्याला शिकवायला निव्वळ, खात्रीचं मटण हवं होतं. मी फुशारकीनं प्रयोगशाळेच्या मॅडमना म्हणाले, घनसावंगीहून आणते, आमच्याच दुकानातून. जन्मभर शेळ्यांमागं फिरून आबांनी उभं केलेलं दुकान ते.

मंगळवारी तू दिलेला खिम्याचा डबा बर्फात घालून जालन्याला आणला. पडद्यावर पिवळे ठिपके आले. काच पुसली. कॅमेराच चुकत असेल म्हणून दुसरीकडची बकऱ्याची मांडी शेजारी ठेवली. ती सगळी निळी. तुझ्या डब्यातून तीनदा खिमा घेतला, तीनदा पिवळं, जवळजवळ चौथा हिस्सा. पुढच्या तपासणीत ती कोंबडी शिळीही निघाली. काल फोनवर आईला सहज म्हणून विचारलं, तर म्हणाली, "करण आजकाल खोक्यातली सस्ती कोंबडी आणून राह्यला. तुझ्या आबाला ठाऊक न्हाई बरं."

दादा, एका उन्हाळ्यात नुसता वास आला म्हणून तू अख्खी मांडी मागं नेऊन पुरली होतीस, गिऱ्हाईक दारात उभं असताना. आबांनी तेव्हा सगळ्यांसमोर तुझी पाठ थोपटली होती. मंग हे कधी सुरू झालं? कुणी गळ घातली का तुला? मला का न्हाई सांगितलंस?

डबा धुऊन दुसरा नमुना ठेवावा, असं मनात आलं होतं. हातही गेला होता. पण आज सकाळी मॅडमना सगळं सांगितलं, दुकानाच्या नावासकट. अन्न खात्याचे अधिकारी दुकानावर कधी येतील, ठाऊक नाही. मला भीती रविवारची आहे. दैवशालाकाकूंच्या नातवाचं जावळ आहे, वीस किलो खिमा तुझ्याकडूनच जाणार. दोनशे माणसं, त्यात लेकरं. तो खिमा देऊ नकोस, पाया पडते. शनिवारी पहिल्या बसनं येतेय. त्याआधी आबांना तूच सांग. एकट्यानं जमलं नाही तर मी शेजारी उभी राहीन; पण बोलायचं तूच.

तुझीच,
मनीषा