वरची गाठ

दादा,

अकरा वर्षं तू गच्चीवर माझ्या दोराची गाठ बांधलीस आणि मी खाली लोंबकळत काचा पुसल्या. एकदाही वर बघितलं नाही. शेवटचं वर्षभर तुला दिसतच नव्हतं, तू चाचपून गाठ मारायचास, हे तू काम सोडल्यावर कळलं. तेव्हापासून मला दोराची भीती वाटते. नवा माणूस गाठ पक्की मारतो, तरी मी ती चारचारदा ओढून बघतो. काल नवव्या मजल्यावर हात आखडले, खिडकीची चौकट सोडवेना.

माझी धाकटी लेक रोज "देवा, बाबांचा दोर धर" म्हणते आणि लगेच झोपते. मी विचारलं, "त्यानं धरलाय कशावरून?"

"तुम्ही काकांना विचारायचात?"

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवतील आणि तुझा जीव टांगणीला लागेल, म्हणून पाठवत नाही. आज गाठ एकदाच ओढून बघितली. भीती आहेच. तिच्यासारखं "देवा, धर" म्हणून उतरतोय. तुला न दिसता जमत होतं. त्याला तर सगळं दिसतं म्हणतात.

तुझ्या दोराला लटकलेला,
धाकटा