आपोआप मिटणाऱ्या फळ्याची तक्रार

कमलनगर
शनिवार, शाळा सुटल्यावर

ती. हावगेप्पादाजींस,

पिराप्पाचा नमस्कार, आणि अक्कालाही सांगावा. नौबादला सगळे खुशाल असाल, आणि आपला गुडघा थंडीनं धरला नसेल असं समजून लिहितो. इकडे आईचा खोकला कमी आहे, तुरीला फुलं चांगली लागली आहेत, म्हैस व्यायली आहे. ठीक नाही तो फक्त मी. फोनवर सांगितलं असतं, पण आपला फोन अक्का उचलते, उचलला की स्पीकरवर टाकते, आणि मग माझी अब्रू बस थांब्यापर्यंत ऐकू जाते. (मागच्या खेपेला माझ्या मूळव्याधीची चौकशी मला आपल्या दूधवाल्यानं केली.) म्हणून पत्र. कमलनगरहून सुटणाऱ्या जीपवाल्याच्या हाती देतो आहे.

आमच्या शाळेत यंदा स्मार्ट फळा आला हे आपल्याला ठाऊक आहेच, कारण त्याचा कागद आपल्याच कचेरीतून, आपल्याच टेबलावरून आला. भिंतीएवढा टीव्ही म्हणावा असा. बोट लावलं की धडा उघडतो, चित्रं हलतात. आमचे मुख्याध्यापक शरणबसव सर सगळ्या शिक्षकांकडे एकदा बघून म्हणाले, हे पिराप्पा सर सांभाळतील. का, तर माझ्या मोबाइलमध्ये दोन सिम आहेत. मी इतिहास शिकवतो, दाजी. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. तेव्हापासून वर्गात कुणाचं काहीही अडलं की 'सर, हँग झालंय' अशी आरोळी उठते आणि मी शिवाजी महाराजांना आग्र्यात तसंच ठेवून धावत सुटतो. कधी वायर निघालेली असते, कधी आवाज बंद असतो, एकदा तर वीजच गेली होती आणि आठवीचा अख्खा वर्ग मला पासवर्ड विचारत होता.

तरी दसऱ्यापर्यंत मी निभावलं, हे मुद्दाम लिहितो. सुटी लागायच्या दिवशी आम्ही शाळेत आयुधपूजा केली, त्यात फळ्याचीही. नारळ फोडला, हार घातला, आणि अक्कानं जत्रेहून धाडलेला भंडारा मी तेलात कालवून स्वतःच्या हातानं फळ्याला लावला. आपल्या घरात नव्या मेंढराला लावतात तसाच, चांगला घसघशीत, वरच्या उजव्या कोपऱ्यात, चौकटीच्या आतल्या अंगाला, म्हणजे हार काढला तरी दिसावा. सांगायचा मुद्दा हा, की माझ्याकडून देवाधर्मातही काही कमी पडलं नाही. आणि सुटी संपवून येतो तर फळा बिघडलेला.

बिघाड कसा, तर धडा उघडला की आपोआप मिटतो. पुन्हा उघडा, पुन्हा मिटतो. मी पानिपतची लढाई एका तासात सतरा वेळा सुरू केली, पण सैन्य काही जागचं हललं नाही. पोरं हसून बाकावर लोळली. फळ्यासोबत दिलेल्या मदतीच्या नंबरावर फोन केला, तर बंगळुरूकडचा कुणी पोरगा 'सार, ऑफ माडी, ऑन माडी', म्हणजे बंद करा, चालू करा, एवढंच जपत बसला. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर अशा. त्यानं पुढं विचारलं, फळ्याला काही चिकटलंय का. मी त्याला कन्नडात स्वच्छ सांगितलं की मी शिक्षक आहे, फळा रोज दोनदा माझ्या धुतलेल्या धोतराच्या फडक्यानं पुसतो, आणि असले प्रश्न त्यानं आपल्या साहेबाला विचारावेत. त्यानं फोन ठेवला. (संस्कार.)

मग मी इतिहासाच्या माणसासारखा पुराव्यानं विचार केला. सुटीआधी फळा ठीक, सुटीनंतर बिघडलेला. म्हणजे सुटीत कुणीतरी हात घातला. खिडकीची कडी मोडकी आहे, आणि शाळेच्या मागच्या गल्लीत नववीची चार लेकरं राहतात, त्यांची म्होरकी अंबिका. या पोरीचं वागणं पहिल्या दिवसापासून संशयास्पद. मी शिकवत असताना ती माझ्याकडे बघत नाही, पुस्तकाकडे बघत नाही, फळ्याच्या वरच्या कोपऱ्याकडे टक लावून असते. दोनदा तर मधेच उठून विचारलं, 'सर, ते वरलं जरा पुसून बघू का?' मी म्हणालो, तू आधी तुझी पाटी बघ, कशाला हात लावायचा नाही. ती खाली बसली आणि पुन्हा कोपऱ्याकडे बघायला लागली. चोराचं लक्ष चोरीच्या जागेवर असतं, हे मी आपल्याला सांगायला नको.

मी तिच्या बापाला बोलावून घेतलं. आपल्यातलाच माणूस, अजून पन्नास मेंढरं राखून आहे. तो काही भांडला नाही. टोपी काढून म्हणाला, 'कचेरीत नाव गेलं म्हंजे गेलंच की सर. घरी बसवतो पोरीला. मेंढरामागं माणूस न्हाईच माझ्याकडं.' मला क्षणभर बरं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. पण शिस्त ती शिस्त. बुधवारीच मी शरणबसव सरांच्या सहीशिक्क्यानं अहवाल आपल्या कचेरीत धाडला आहे: चारही लेकरांची नावं, पहिलं अंबिकाचं, त्यांना या वर्गात कायमचा मज्जाव करावा, आणि फळा परत नेऊन खटकचिंचोळीच्या शाळेला द्यावा, तिथं पोरं सरळ असतील. आवक-जावक आपल्या हातात आहे. तेव्हा हा कागद धूळ खात न पडता सोमवारी सकाळी पहिल्या प्रथम साहेबांच्या पुढ्यात जावा, एवढी कृपा करावी. मेहुण्यासाठी इतकं तरी कराल अशी खात्री आहे.

बाकी सर्व ठीक. अक्काला नमस्कार. लेकरांना आशीर्वाद.

आपला,
पिराप्पा

ता. क. जीपवाल्याकडे दोन किलो खवाही धाडला आहे. आल्याबरोबर मोजून घ्यावा, तो वाटेत बोट बुडवतो.

ता. क. २. दाजी, पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. वर्गाला कुलूप लावायला गेलो तर दारात अंबिका उभी. दप्तर पाठीला, हातात ओलं फडकं. म्हणाली, 'सर, अप्पा म्हणलाय सोमवारपासून जायचं न्हाई. जाता जाता एकडाव पुसून बघू का?' मी विचारलं, इतके दिवस दिसत होतं तर गुपचूप पुसलं का नाहीस. तर ती माझ्याकडेच नवलानं बघून म्हणाली, 'तुमच्या हातचा भंडारा हाय, सर. इचारल्याबिगर कसा पुसावा?'

बाकावर चढून तिनं तो पुसला. फळ्यासोबत आलेली पुस्तिका मी आत्ता पहिल्यांदा उघडली. चौकटीच्या आत बारीक न दिसणाऱ्या दिव्यांची ओळ असते म्हणे, मधे काही आलं की फळ्याला वाटतं बोट टेकलंय. आणि बरोबर त्या कोपऱ्यातच धडा मिटवायची फुली आहे. रोज पुसताना तेवढा कोपरा मी भक्तीनं सोडत आलो. म्हणजे सुटीनंतर गेले पंधरा दिवस धडा मीच मिटवत होतो, रात्रंदिवस, शाळेत नसतानाही. हे तिला कसं कळलं म्हणाल, तर धडा मिटताना फुली दरवेळी पिवळ्या डागापाशीच दाबली जाते, एवढं तिनं नुसतं बघितलं होतं. पानिपत उघडलं. मी मिटायची वाट बघत उभा राहिलो, ते मिटलं नाही. पुसलेला भंडारा तिनं खाली पडू दिला नाही. थोडा स्वतःच्या कपाळाला लावला, आणि उरला तो माझ्या. मला फार लाज वाटली, दाजी. उद्या रविवारी मी तिच्या बापाकडे जातो आहे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

ता. क. ३. तेव्हा वर 'पहिल्या प्रथम साहेबांच्या पुढ्यात' असं लिहिलं आहे ते वाचू नये. तो अहवाल आपल्या टेबलावरून कुठंही हलू देऊ नका. हलला असेल तर गुडघा दुखत असला तरी जाऊन आणा. विशेषतः दुसरं पान. त्यावर शेवटी 'फळ्याला हात लावणारी व्यक्ती शोधून तिच्यावर कडक कारवाई व्हावी' असं एक वाक्य आहे, आणि ते मीच लाल शाईनं दोनदा अधोरेखित केलेलं आहे. हे पत्र अक्काला मोठ्यानं वाचून दाखवू नका. भंडारा तिनंच धाडला होता, आणि तिनं चिठ्ठीत लिहिलं होतं की चिमूटभर पुरे.