दुपारची गोळी

प्रिय साकिब,

काल अब्बांना रत्नागिरीला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. पूर्णगडला परत आल्यापासून मी सुन्न आहे. फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

मागच्या खेपेला बाईंनी सांगितलं होतं, पंधरा दिवस वही ठेवा. कंपवाताची गोळी किती वाजता दिली, जेवण कधी झालं, दर तासाला माणूस कसा आहे. आमच्या शिफाची शाळेची जुनी वही घेतली. मोकळे असले की ‘सुटे’, जखडले की ‘बांधलेले’. शब्द अब्बांचेच, तीस वर्षं तांडेल म्हणून होडी हाकली ना. सकाळी सातची गोळी, आठला सुटे, स्वतः दाढी करत. दुपारी एकची गोळी, आणि दोनला बांधलेले, तीनला बांधलेले. पाय लादीला चिकटलेले. मग पाचच्या सुमारास उठून जेटीपर्यंत चालत जात.

बाईंनी चार पानं उलटली आणि विचारलं, दुपारी जेवायला काय असतं? मी कौतुकाने सांगितलं, बांगडा नाहीतर सुरमई, वर अंडं, आणि गोळी जेवणाबरोबरच, पोटात जळजळू नये म्हणून. त्या म्हणाल्या, मासे-अंडी आणि ही गोळी एकत्र गेली की गोळीचा अंमल अडतो. ती जेवणाआधी तासभर द्या, मासे रात्री. हे आम्हीच आधी सांगायला हवं होतं, असंही म्हणाल्या.

आज बाराला गोळी दिली. एकला भात, भाजी, सोलकढी. दोन वाजता अब्बा उठले आणि स्वतःचं ताट मोरीत ठेवून आले. मी तोंड फिरवलं.

कारण मला मे महिन्यातली ती दुपार दिसत होती. तू मस्कतहून सुट्टीवर आला होतास. उठव म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि तू म्हणालास, “पाचला जेटीवर जाता येतं, मग आत्ता मोरीपर्यंत का नाही? नाटकं पुरे.” मी तुला गप्प केलं नाही. खरं सांगू, मलाही तसंच वाटत होतं. तू गेल्यावर एका दुपारी त्यांनी तीन हाका मारल्या आणि मी मुद्दाम गेले नाही. गेले तेव्हा लुंगी भिजलेली होती, मान खाली. त्यानंतर दुपारी पाणी पिणंच सोडलं त्यांनी. वहीत रोज मीच लिहिलंय, ‘पाणी नको म्हणाले’. लिहिताना काही कळलं नाही मला.

आज त्यांच्यापाशी बसून सगळं कबूल केलं. मग म्हणाले, “साकिबला लिही, त्याने पाचला बघितलं ते खरं होतं, दोनला बघितलं तेही खरं होतं. मला तरी कुठे ठाऊक होतं? मीच मनाशी म्हणायचो, अहमद, तू आळशी झालास.”

तू त्यांच्याशी न बोलता गेलास आणि अजून फोन माझ्याच नंबरावर करतोस. आता त्यांच्या नंबरावर कर. उचलायला वेळ लागेल. कापू नकोस.

तुझीच,
सुरय्या आपा